सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याला नेटवर्क केबलमधूनच वीज कशी मिळते? त्या पोर्टला लॅपटॉप लावला तर जळेल का?

नाही, जळणार नाही. पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज) देणारा स्विच आधी १० व्होल्टपेक्षा कमी दाब देऊन पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का ते तपासतो. पीओई उपकरणात तो मुद्दाम ठेवलेला असतो. तो सापडला तरच साधारण ५० व्होल्ट डीसी सुरू होतो, केबल काढली की बंद. लॅपटॉपला फक्त डेटा मिळतो.

दोन्ही गोष्टी त्याच तारांतून जातात, याचं कारण मला फार सुंदर वाटतं. डेटा म्हणजे केबलमधल्या एका जोडीतल्या दोन तारांमधला व्होल्टेजचा फरक. वीज त्या दोन्ही तारांवर सारखीच चढवतात आणि दुसऱ्या जोडीवरून परत आणतात, त्यामुळे तो फरक बदलतच नाही.

पीओईच्या २००३च्या ८०२.३एएफ मानकात पोर्टवर १५.४ वॉट मिळतात, कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ची खात्री, उरलेली वीज तारेत उष्णता होऊन जाते. २००९च्या ८०२.३एटीमध्ये ३० वॉट, २०१८च्या ८०२.३बीटीमध्ये ९०पर्यंत.

धोका आहे तो स्वस्त २४ व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरचा, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणाऱ्या साध्या डबीचा. तो काही न तपासता वीज सोडतो, तिथे लॅपटॉप लावूच नका.

लॅमिंग्टन रोडवर केबल घ्याल तेव्हा शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे लांबवरचा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडू शकतो. आणि गेटवरचा जोड वॉटरप्रूफ डबीत ठेवा. पावसाळ्यात पाणी शिरलं तर डीसीमुळे पिना फार लवकर गंजतात.