पर्यायी इतिहासाच्या कादंबऱ्या वाचून काही हाती लागते का?

विज्ञानकथा आणि पर्यायी इतिहासाच्या, म्हणजे एखादी घटना वेगळी घडली असती तर पुढे काय झाले असते हे रंगवणाऱ्या, कादंबऱ्या वाचणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे का आणि सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. वेळ मुळीच वाया जात नाही. साताऱ्यातील आमच्या वाचनमंडळात याच मुद्द्यावर एका निवृत्त इतिहास शिक्षकांनी मला सर्वांसमक्ष गप्प बसवले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेवर बोलत होतो. विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते आणि १७६१ ची लढाई मराठे जिंकतात, एवढाच बदल लेखक करतात. पण म्हणून इंग्रज नाहीसे होत नाहीत, मुंबई त्यांच्याकडेच राहते. हा संयम मला मोलाचा वाटतो, असे मी म्हणताच “इतिहासात जर-तरला स्थान नसते,” असे सांगून सरांनी विषयच मिटवला. ज्यांनी आयुष्यभर ‘पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा’ हा प्रश्न घातला, त्यांनीच असे म्हणावे! अमुक कारणामुळे पराभव झाला या विधानात, ते कारण नसते तर पराभव टळला असता, हे गृहीतच असते.

नंतर साताऱ्यातील चारभिंती स्मारकाकडे फिरायला गेलो असता सरांनी आव्हान दिले की, मग साताऱ्याचे राज्य वाचवून दाखवा. १८३९ मध्ये पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू त्यांचे वकील रंगो बापूजी यांनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे मांडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी ती मान्य केली असती तर काय झाले असते, येथून मी सुरुवात केली. महाराज गादीवर परतले असते, हे खरे; परंतु त्यांच्या जागी गादीवर बसवलेल्या भावाप्रमाणे त्यांनाही औरस पुत्र नव्हता, त्यामुळे १८४८ मध्ये ज्या दत्तकाच्या प्रश्नावरून राज्य खालसा झाले आणि पुढे झाशी व नागपूरचेही तेच झाले, तो प्रश्न उभा राहिलाच असता. राज्य वाचले नाही, पण एका दरबारी कारस्थानापेक्षा गव्हर्नर जनरल डलहौसीचे दत्तक वारस नामंजूर करण्याचे धोरण किती निर्णायक होते, हे मला या खटाटोपात जितके स्पष्ट दिसले तितके पाठ्यपुस्तकात कधीच दिसले नव्हते. सर हसले, उत्तर मात्र त्यांनी आजतागायत दिलेले नाही.

सुरुवात नारळीकरांपासूनच करावी, कारण त्या कथेत पर्यायी इतिहासाला पुंजसिद्धांताची (क्वांटम थिअरीची) जोड आहे आणि आपले दोन्ही प्रकार एकत्र वाचून होतात. त्यानंतर रॉबर्ट हॅरिस यांची ‘फादरलँड’ घ्यावी. हिटलर जिंकल्यानंतरच्या, १९६४ मधील बर्लिनमध्ये ती घडते आणि तपासकथा म्हणूनही खिळवून ठेवते. फिलिप डिक यांच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’मध्ये रूझवेल्ट यांची हत्या यशस्वी होते, प्रत्यक्षात १९३३ च्या त्या गोळीबारात ते बचावले आणि शिकागोचे महापौर मृत्यू पावले. ही कादंबरी थोर आहे, पण तिचा शेवट अनेकांना अपुरा वाटतो, म्हणून ती नंतर वाचावी. आणखी एक सांगायला हवे की, या प्रकारात केवळ हरलेल्या लढाया जिंकून देणारे लेखन पुष्कळ असते, आणि त्याबद्दल सरांचा आक्षेप मलाही मान्य आहे.