वारसा यादीतलं शेतघर आणि चुलतभावाने विकलेला ‘अर्धा’ हिस्सा

प्रश्न : बोरिवली पश्चिमेला वाडीत आमचं जुनं शेतघर आहे. ओटी, माजघर, मागे गोठा आणि रहाटाची विहीर. पणजोबांनी बांधलेल्या या घराच्या तुळईवर ‘शके १८३३’ कोरलंय. महापालिकेच्या वारसा यादीत ते श्रेणी ३ मध्ये आहे. आजी आधीच गेली होती, आजोबा १९७८ साली मृत्युपत्र न करता गेले. मालमत्ता पत्रकावर वडील आणि काकांचीच नावं लागली, आत्याचं लागलं नाही. वाटणी कधी झालीच नाही. आता वडील आणि काका दोघेही नाहीत. काकांच्या एकुलत्या मुलाने आपला ‘अर्धा हिस्सा’ एका विकासकाला विकला. विकासक म्हणतो, वारसा यादीतल्या घराला हात लावता येत नाही, पडेल तेव्हा बघू. छप्पर गळतंय. आत्या ८१ वर्षांची आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, विकासकाचं म्हणणं चुकीचं आहे, आणि तो ते मुद्दाम सांगतोय असं मला वाटतं. विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ मधल्या नियम ५२ नुसार यादीतल्या घराच्या दुरुस्तीला, अगदी रंगालाही, आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आयुक्त वारसा समितीचा सल्ला घेतात. म्हणजे परवानगी काढून दुरुस्ती करता येते. उलट नियमित डागडुजी करणं मालकाचं कर्तव्य आहे, असं हाच नियम सांगतो. श्रेणी ३ मध्ये आतबाहेर बदलांनाही बरीच मोकळीक आहे.

मग तो घर पडायची वाट का बघतोय? श्रेणी ३ ची वास्तू कमकुवत किंवा धोकादायक ठरली, तर पुनर्बांधणीला परवानगी मिळू शकते. म्हणून पहिलं काम छपराचं. जुन्या लाकडी बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्या. प्रत्येक खोलीचे तारीखवार फोटो काढा. मंगलोरी कौलाच्या जागी मंगलोरी कौल आणि सागवानी वाशाच्या जागी सागवानी वासा, असा अर्ज वॉर्डात द्या आणि पोच घ्या. पत्रे घालू नका. उद्या विकासकाने घर सी-१, म्हणजे अतिधोकादायक आणि पाडण्याजोगं, असल्याचा अहवाल आणला, तर तुमचा अहवाल वेगळा असल्याचं पालिकेला लेखी कळवा. दोन अहवालांत तफावत असली की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. परवानगी नाकारली गेली, तर निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत नगररचना कायद्याच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील आहे.

आता हिश्श्याचं. मालमत्ता पत्रकावर दोनच नावं आहेत, म्हणून मालक दोनच, असं होत नाही. घर आजोबांचं स्वतंत्र असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दोन मुलगे आणि एक मुलगी तिघांना समान, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलोपार्जित सहदायकीचं असेल, तर २००५ च्या दुरुस्तीने आत्या जन्मापासून सहदायक, म्हणजे मुलग्यांइतकीच हक्कदार. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायला हवेत असं नाही. रीतसर वाटणी झालेली नसल्यामुळे इथेही तिला एक तृतीयांशच. म्हणजे तुमच्या चुलतभावाकडे विकायला अर्धा हिस्सा नव्हताच.

आणि विकलेल्या हिश्श्याच्या बळावर विकासक तुमच्या माजघरात राहायला येऊ शकत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ राहत्या कौटुंबिक घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागू देत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत घ्यायची तयारी तुम्ही दाखवू शकता. किंमत मुंबईची असेल, हे आधीच ध्यानात घ्या.

तुमच्याकडून वाटपाचा दावा आणि त्यातच घर पाडायला, मोडायला मनाईचा अर्ज मी लगेच दाखल करेन. दावा लागला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला विसरू नका. मुंबईत ही नोंदणी केली तरच पुढच्या खरेदीदारावर दावा बांधील राहतो, आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक नेमकं हेच विसरलेले असतात.

घराचा इतिहास या दोन्ही कामांना लागणार आहे. समितीला घर का जपावं हे पटवायला, आणि कोर्टात ते आजोबांकडे कसं आलं हे दाखवायला. तुळईवरच्या शकाचा, म्हणजे १९११-१२ चा, जवळून फोटो घ्या. जुने फेरफार, सारा भरल्याच्या पावत्या, घरपट्टीची बिलं शोधा. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला, पण बोरिवली त्यानंतरही १९५० च्या दशकापर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, तेव्हा ठाण्याच्या अभिलेखातही विचारा. बोरिवली १९५७ साली बृहन्मुंबईत आली. त्याआधीची घरपट्टी पालिकेच्या दप्तरात सापडणार नाही.

आत्यांच्या बाबतीत मात्र दिरंगाई नको. विहीर कोणी खणली, गोठा कधी बांधला, भात कुठे झोडायचे, आजोबांच्या हाती घर कसं आलं, हे सांगणारं आता त्यांच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. त्यांना दाव्यात पक्षकार करा. कोर्टाची पायरी चढणं त्यांना जमणार नसेल, तर कोर्ट कमिशनर नेमून घरीच साक्ष नोंदवायचा अर्ज दाव्यासोबतच देऊ. भेटायला याल तेव्हा त्यांचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला घेऊन या.