मुलीला आर्क्टिकचे खोल समुद्रातले मासे अभ्यासायचेत

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेत. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकमधल्या खोल पाण्यातल्या माशांवर संशोधन करायचं म्हणते. गोव्यात राहून हे जमेल का? आणि पोटापाण्याचं काय?
– एक पालक, पेडणे

उत्तर: आधी पदवीचं ठरवा, कारण तिथली चूक नंतर सुधारत नाही. मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. पुढे एमएफएससीला, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीला, बहुतेक ठिकाणी हीच पदवी मागतात, प्राणिशास्त्राची बीएससी चालत नाही. पण कुठला मासा कुठे राहतो आणि का, हाच तिचा प्रश्न असेल तर बीएससी प्राणिशास्त्र, गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एमएससी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि पीएचडी, हा रस्ता सरळ. जेआरएफ या संशोधनवृत्तीत पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. गणित सोडू देऊ नका.

विषय खरोखर चांगला आहे. बेरिंगची सामुद्रधुनी जेमतेम 50 मीटर खोल, त्यामुळे पॅसिफिकच्या खोल पाण्यातले मासे तिथून आर्क्टिकमध्ये शिरूच शकत नाहीत. अटलांटिकच्या बाजूला ग्रीनलंडपासून स्कॉटलंडपर्यंत समुद्राखाली डोंगररांग आहे. तिच्यातली सर्वांत खोल खिंडही पाण्याखाली सुमारे 850 मीटरवरच. या डोंगररांगेच्या दक्षिणेला ग्रेनेडियर आणि लँटर्नफिश या माशांच्या कितीतरी जाती. पलीकडे तळाचं पाणी शून्याखाली, आणि तिथे मुख्यतः ईलपाउट आणि स्नेलफिश हे मासे.

वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं हिमाद्री हे ठाणं 2008 पासून स्वालबार्डला आहे, म्हणून मुलं लगेच स्वप्नं बघतात. ते मासेमारीचं जहाज नव्हे. भारतात खोल समुद्रातले मासे पकडून अभ्यासण्याचं काम मुख्यतः कोचीच्या सागर संपदा जहाजावरून होतं. तेव्हा नमुने अरबी समुद्राचे आणि तुलनेला उत्तरेच्या नोंदी ओबिस या सागरी जीवांच्या नोंदींच्या खुल्या साठ्यातून, असा प्रबंध जास्त शक्य आहे.

त्या नोंदी मात्र डोळे झाकून घ्यायच्या नाहीत. उघडं जाळं 1500 मीटरवरून वर येताना वाटेतले मासेही गोळा करतं. मग 300 मीटरवरचा मासा 1500 च्या खात्यात जमा होतो. पाण्यातच उघडणारं-मिटणारं जाळं होतं का, हे आधी बघायचं. लँटर्नफिशची ओळख अंगावरच्या प्रकाशठिपक्यांच्या मांडणीवरून पटते आणि जाळ्यात नेमके तेच खरवडून जातात. म्हणून मासा डेकवर येताच फोटो, मग स्नायूचा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये, आणि त्यानंतरच मासा फॉर्मॅलिनमध्ये. क्रम उलटला की डीएनए खराब. फॉर्मॅलिनमध्ये टाकणखार घातला नाही तर ते आम्लधर्मी होऊन ओटोलिथ, म्हणजे कानातला खडा, विरघळतो.

सराव आजपासून होईल. बाजारातून ढोमा आणा, त्याचे खडे चांगले मोठे असतात. कवटी उघडून मेंदूखालची जोडी न मोडता काढायची, परांचे काटे मोजायचे, तेच दहा माशांवर. दोन मोजण्यांत आकडा वेगळा आला तर तिसऱ्यांदा. सोबत आर ही संगणकभाषा. मासा हातात घेऊन अचूक ओळखणारी आणि आकडेमोडही करणारी माणसं कमी आहेत. प्रकल्पांना तीच हवी असतात.

पोटापाण्याचं: कायम जागा थोड्या आणि उशिरा निघतात. दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), वास्को, कोची इथे बहुतेकांची सुरुवात मुदतीच्या प्रकल्पपदावर होते. वयाच्या तिशीपर्यंत घरखर्च तिच्या पगारावर अवलंबून असेल तर हे आत्ताच तिच्याशी मोकळेपणी बोला. नसेल तर प्राणिशास्त्राचा अर्ज भरा.