परदेशातून कोल्हापूरला परतल्यावर स्वतःच्या फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत सासरी राहावं की भाड्याने घर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांनी म्युनिकहून येत्या मे महिन्यात परतताय, बुक केलेल्या फ्लॅटचा ताबा वर्षभर लांब आहे, मुलगा आठचा आणि मुलगी पाचची आहे, आणि सासूबाई म्हणतायत, "घर असताना भाडं कशाला भरायचं?" आम्ही 2019 च्या मे अखेरीस स्टुटगार्टहून अगदी याच अवस्थेत आलो होतो. नवऱ्याला गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत नोकरी मिळाली होती. मी मूळची नाशिकची, त्यामुळे कोल्हापूर मला सुट्टीपुरतंच माहीत.

भाड्यानेच घ्या. पण सासरपासून इतक्याच अंतरावर, की आईंनी पाठवलेला डबा गरम पोचेल. एवढं एक जमवलंत की बाकीचं मागेपुढे झालं तरी चालतं. आमचं हे दुसऱ्या खेपेला जमलं.

पहिल्या खेपेला आम्ही नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला, रमणमळ्याकडे फ्लॅट घेतला. झाडं, शांतता, मुलांना मोकळी जागा. जर्मनीची सवय असलेल्या माणसाला भूल पडावी असंच सगळं. घरमालक भले होते. खाली पार्किंगमधली एक खोलीही आमच्या येणाऱ्या खोक्यांसाठी मोकळी करून दिली. मी पाण्याचं विचारलं तर म्हणाले, "2005 च्या पुरातसुद्धा इथं पाणी नव्हतं." ते खोटं बोलत नव्हते. फक्त 2019 चा ऑगस्ट अजून यायचा होता.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. कोल्हापूरकर पावसाळ्यात हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे एकमेकांना विचारतात, हे तेव्हा मला गमतीचं वाटायचं. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो, त्यामुळे घर वाचलं. पण पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी, लाईट नाही. उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे सगळीकडे पाणी आणि नळ कोरडे. दोन बॅगा आणि मुलीचा एक कापडी ससा घेऊन आम्ही मंगळवार पेठेत सासरी पोचलो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच म्हणाल्या, "पाणी आलं म्हणून तरी आलासा!"

आमचं स्टुटगार्टहून जहाजाने निघालेलं सामान त्याच आठवड्यात ट्रकने येत होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेल्याने ट्रक कराडलाच थांबला. मी रोज त्या ड्रायव्हरला फोन करून वैतागायचे. चार-पाच दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला: ट्रक वेळेवर आला असता तर चाळीसच्या चाळीस खोकी त्या पार्किंगच्या खोलीत असती.

आता सासरी का राहू नये ते सांगते. त्या दहा-बारा दिवसांत तीन खोल्यांत आम्ही अकरा माणसं होतो, आणि कुणीही वाईट वागलं नाही. तरीही. मुलीला साडेसातला झोपायची सवय, त्यामुळे पहिल्या रात्री मी तिला घेऊन आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आपल्याकडे दिवसाउजेडी किंवा माणसं जागी असताना दार लावलं की त्याचा अर्थ एकच, रुसवा. अर्ध्या तासात इचलकरंजीहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, काय झालं? आईनं काय बोललं का?" बिचाऱ्या आई बाहेर टीव्हीचा आवाज बंद करून बसल्या होत्या. दहा दिवस हे निभतं. वर्षभरात मात्र अशाच बंद दारांतून अबोले जन्माला येतात.

मग सप्टेंबरात त्याच पेठेत, सासरपासून दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. जुना, अंधारा, पार्किंगची बोंब. तरी तिथेच घर लागलं. सकाळी आजोबा पेपर वाचून झाला की आमच्याकडे आणून द्यायचे, संध्याकाळी मुलं तिकडे. रात्री दार लावलं तरी कुणाचा फोन येत नव्हता.

घर बघताना जागामालकाला पुराचं विचाराच, पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आणि रिक्षावाल्याला जास्त विचारा. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षांचं विचारा. पाणी घरात आलं का, एवढंच पुरत नाही. रस्ता किती दिवस बंद होता, तेही महत्त्वाचं.

करार अकरा महिन्यांचाच होईल, पण नोटरीवर भागवू नका, रजिस्टर करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करायची जबाबदारी मालकाची. तोच कागद पुढे गॅस, बँक, आधारचा पत्ता, सगळीकडे लागतो. गॅसचं कनेक्शन मिळेपर्यंत 5 किलोचा छोटा सिलिंडर घ्या, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. तीन आठवडे एका शेगडीवर आणि आईंच्या डब्यावर काढले.

एक गंमत तुम्हाला जाणवेलच. जर्मनीत भाड्याच्या घरात बहुतेकदा तयार स्वयंपाकघर नसतं, ओटासुद्धा आपण आणायचा. इथं ओटा पक्का, पण पंखे, बल्ब, गीझर मागचा भाडेकरू काढून नेतो. करार करायच्या आधी छताकडे बघा.

तिकडची उपकरणं इथं चालतात, दोन्हीकडे 230 व्होल्ट. (अमेरिकेहून येणाऱ्यांचं रडगाणं वेगळं.) पण ती जाड दोन पिनांची प्लग ॲडॅप्टरमध्ये कशीबशी बसते आणि अर्थिंग मिळत नाही. इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांचा टॉप बदलून घ्या. आमचं वॉशिंग मशीन मात्र टाकीच्या पाण्याला प्रेशर नाही म्हणून सुरूच होईना. आधी शंभर युरो खर्चून बांधाबांध, मग इतक्या लांबून आणलं, आणि शेवटी त्यावर चादर घालून देव्हारा ठेवला. मोठी मशीनं विकून या.

शाळेचं थोडक्यात: पहिली ते आठवीत वयानुसार वर्गात बसवायची तरतूद 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, त्यामुळे "वर्ष वाया जाईल" म्हणून घाबरू नका. जून चुकवू नका, एवढंच. आणि बोर्ड कुठलंही असो, 2020 च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनाही जोडाक्षरं रडवतात, म्हणून आत्तापासून रोज अर्धं पान लिहून घ्या.

मुलांच्या रुळण्याबद्दल तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय, पण मला वाटतं खरी धास्ती तीच आहे. आमची मुलगी महिन्याभरात रुळली. एक दिवस शाळेतून येऊन म्हणाली, "आई, मी जेवलो." मी म्हटलं, "जेवले म्हणायचं." आई आतून म्हणाल्या, "आमच्यात असंच म्हणत्यात." मी गप्प बसले. आता ती नाशिकला गेली की माझी आई कपाळाला हात लावते.

मुलगा जड गेला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तिकडे फुटबॉल क्लबात आठवड्यातून तीनदा जायचा, इथं आल्यावर चेंडू बॅगेतून बाहेरच काढेना. पुराच्या दिवसांत तालमीची पोरं टँकरपासून घरोघरी पाणी पोचवत होती. त्याला कुणीतरी एक कळशी हातात दिली. चौथ्या दिवशी रिकाम्या वेळात त्याच पोरांनी बोळात चपलांचे गोल लावले आणि नवीन म्हणून याला गोलात उभं केलं. कोल्हापूरला फुटबॉलचं वेड किती आहे हे बापाने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. इथल्याच अनिकेत जाधवने 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलंय, हे त्याला त्या बोळात कळलं. नाव पडलं "जर्मन". दोन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात आलं की जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, तर भांडी असतात, मग नाव झालं "पातेलं". गल्लीभर हाका, "ए पातेल्या, बॉल सोड!" मला भयंकर राग आला होता. तो मात्र रात्री हसत झोपला, जर्मनी सोडल्यापासून पहिल्यांदा.

दिवाळीनंतर आजोबा त्याला शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या इथल्या दोन फुटबॉल संघांची मॅच बघायला घेऊन गेले. आला तेव्हा आवाज बसला होता.

फ्लॅटच्या ताब्याचं म्हणाल, तर बिल्डरच्या "एक वर्ष"मध्ये तुम्ही मनातल्या मनात आणखी एक मिळवा. मध्ये लॉकडाऊन आला हे मान्य, पण अकरा महिन्यांसाठी घेतलेलं ते घर आम्हाला सव्वीस महिने लागलं. म्हणून पडदे शिवून घ्या, भिंतीला खिळे ठोकायची परवानगी करारातच लिहून घ्या आणि खोकी उघडा. आमची सहा खोकी "नव्या घरी उघडू" म्हणून तशीच राहिली. उघडली तेव्हा मुलाचे तिकडचे फुटबॉलचे बूट तीन नंबरांनी लहान झाले होते.

ते बूट अजून आहेत, जवळजवळ नवे. तुमच्या मुलाच्या मापाचे असतील तर सांगा.