बागेच्या मालकीच्या दाव्यात काय काय लिहावं लागतं?

तुमचा प्रश्न असा, की वडिलांनी १९८४ साली देवगडात खरेदी केलेल्या कलमांच्या बागेवर चुलतभाऊ 'सामाईक' म्हणून हक्क सांगतोय आणि गेल्या हंगामापासून आंबेही तोच काढतोय. दाव्यात काय लिहायचं? मी इकडच्या तालुका कोर्टात दिवाणी कामं चालवतो, त्या अनुभवावरून सांगतो.

सगळ्यात आधी मिळकतीचं वर्णन. गाव, गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा) आणि चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी. माझ्याकडच्या एका दाव्यात जुन्या वादपत्रात, म्हणजे कोर्टात दिलेल्या दाव्याच्या मूळ कागदात, 'पूर्वेस गडगा' (दगडी बांध) एवढंच लिहिलेलं होतं. मोजणीला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर गेलो तर पूर्वेला दोन गडगे, मधे सात कलमं, आणि भांडण नेमकं त्याच सात कलमांचं! म्हणून दावा लावण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, नकाशा दाव्याला जोडा. कोणत्या गडग्यापर्यंत, व्हाळाच्या (ओढ्याच्या) अलीकडे की पलीकडे, किती कलमं, सगळं लिहा.

मग मालकी कशी आली ते. सातबारा हा मालकीचा दस्त नव्हे, ती महसुली नोंद आहे. तुमचा खरा आधार नोंदणीकृत खरेदीखत. मूळ प्रत सापडत नसेल तर दुय्यम निबंधकांकडून सही-शिक्क्याची नक्कल काढा. वडील मुंबईला गिरणीत होते असं तुम्ही लिहिलंय, मग खरेदीचा पैसा त्यांच्या पगारातला होता हे वादपत्रातच स्पष्ट येऊ दे. सामाईक आहे हे शाबित करायची जबाबदारी मुळात चुलतभावाची, पण तुमची बाजू पहिल्याच कागदात भक्कम दिसली पाहिजे.

वडील हयात नाहीत, तेव्हा वंशावळ द्या. आई, बहिणी, सगळ्यांना वादी करा; कोणी तयार नसेल तर प्रतिवादी करा, पण वगळू नका. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला गाळायची आपल्याकडची सवय अन्यायाची आहे आणि दाव्यालाही मारक आहे.

आता विनंती कलम, म्हणजे कोर्टाकडे नेमकं काय मागायचं तो भाग, जिथे फार लोक अडकतात. नुसतं 'आम्ही मालक आहोत असं जाहीर करा' एवढंच मागू नका. कब्जा त्याच्याकडे असताना तो मागितलाच नाही, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे कोर्ट नुसतं जाहीर करून देत नाही. मालकी, कब्जा, कायमची मनाई आणि गेलेल्या उत्पन्नाची भरपाई, चारही एकाच दाव्यात मागा.

वादाला कारण कधी घडलं त्याची तारीख हवी, कारण मुदत तिच्यावरून मोजतात: मालकी जाहीर करून मागायला ३ वर्षं, मालकीच्या आधारे कब्जा मागायला १२. शिवाय कोर्टाची हद्द, मूल्यांकन, कोर्ट फी, कागदांची यादी. शेवटी सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र. कोणता मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कोणता ऐकीव, हे परिच्छेदवार सांगून सही करायची. न वाचता सही करू नका, उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

हंगाम तोंडावर असेल तर दाव्यासोबतच आंब्याच्या उत्पन्नाचा हिशोब आणि रक्कम कोर्टात ठेवण्याचा आदेश मागणारा अर्ज द्या. एकदा पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात गेल्या, की मग हिशोब हाती लागणं कठीण.