कोरस, क्वायर आणि झील

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत 'कोरस – इयत्ता आठवी' असं छापलं, तर एक सहकारी म्हणाले की तिथे 'क्वायर' हवं. बरोबर काय? आणि मराठीत याला शब्द नाही का?

ताई, कोरसचं मूळ ग्रीक आहे आणि तिथे तो गाण्याइतकाच नाचाचा शब्द होता. कोरिओग्राफी हा शब्दही त्याच घरचा. अथेन्सच्या शोकांतिकांमध्ये कोरस म्हणजे नाचत-गात कथेवर बोलणारा जथा. आधी त्यात 12 जण असत, नाटककार सोफोक्लीसने ते 15 केले असं परंपरा सांगते. ते ज्या गोल जागेत नाचत तिचं नाव ऑर्केस्ट्रा! आज आपण वादकांना ऑर्केस्ट्रा म्हणतो, म्हणजे जागेचं नाव माणसांना चिकटलं.

क्वायर हा कोरसचाच भाऊ, फक्त तो लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. पूर्वी त्याचं स्पेलिंग उच्चाराला धरून 'क्यू'ने सुरू व्हायचं. इंग्लंडच्या चर्चच्या 1662च्या प्रार्थनापुस्तकात तसंच आहे. पुढे मूळ शब्दाशी नातं दिसावं म्हणून 'सी-एच' लिहू लागले, उच्चार मात्र जुनाच राहिला. मुलं 'चॉयर' वाचतात त्यात त्यांचा दोष नाही.

इंग्रजीत क्वायर म्हणजे नेमाने एकत्र गाणारा संच, विशेषतः चर्चमधला. चर्चमध्ये त्यांच्या बसण्याच्या जागेलाही क्वायरच म्हणतात. कोरसचा पसारा मोठा. ऑपेरातला गाणारा समूह, त्याच्यासाठी रचलेलं संगीत, गाण्यात फिरून फिरून येणारी ओळ, हे सगळं कोरस. पहाटेच्या पाखरांच्या कलरवालाही इंग्रज कोरस म्हणतो. आपण तिथे 'किलबिलाट' म्हणावं. 'निषेधाचा कोरस' हे तर वर्तमानपत्रांनी सोडूनच द्यावं, 'चहूकडून निषेध' म्हटलं की काम होतं.

मराठीत आल्यावर कोरस अरुंद झाला. आपण 'कोरस देतो', म्हणजे मुख्य गायकाच्या मागून सूर धरतो. या कामाला आपल्याकडे आधीपासून नेमका शब्द आहे : झील. पोवाड्यात शाहिराच्या मागे 'जी जी' करतात ते झीलकरी, तमाशात तेच काम सुरत्याचं. 'री ओढणे'ही गाण्यातूनच आलं. आज एखाद्याच्या हो ला हो करणाऱ्याला आपण ते म्हणतो, पण मुळात ती मागच्या गळ्यांची कामगिरी, आणि तिला दमसास लागतो.

आमच्या आजीला यातला एकही शब्द माहीत नव्हता. गिरणाकाठच्या आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोका बांधला की ती पुढे व्हायची आणि म्हणायची, "मी म्हनस, तुम्ही मांगे म्हना." तिची ओळ संपायच्या आत बायका शेवटचे दोन शब्द उचलत. झोका वर गेला की सूर लांबायचा, खाली आला की तुटायचा. तेवढ्या वेळात आजी पुढची ओळ आठवून घ्यायची. झील कशासाठी असते हे मला तिथे कळलं : मागचे गातात म्हणून पुढच्याला श्वास मिळतो. भाद्रपदापासून कोजागरीपर्यंत गुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींचंही तसंच, कानबाई देवीच्या रात्रीच्या गाण्यांचंही तसंच.

फिरून येणाऱ्या ओळीला मात्र झील म्हणू नका. ते ध्रुवपद किंवा पालुपद. गाण्यांच्या वह्यांत सर्रास '॥धृ॥' दिसतं; शब्द 'ध्रुव' म्हणजे स्थिर यावरून आला आहे, तेव्हा '॥ध्रु॥' लिहावं. मुलांकडून एवढं जरूर करून घ्या.

आता तुमची पत्रिका. आठवीची सगळी मुलं सुरुवातीपासून एकत्र गाणार असतील तर 'समूहगीत' छापा. एक-दोघं पुढे आणि बाकीची मागून साथ देणार असतील तर गायकांच्या नावांखाली 'कोरस' चालेल, 'झील' छापलंत तर मला फार आनंद होईल. शाळेचा वर्षभर सराव करणारा कायमचा संच असेल, तरच 'क्वायर'. त्यालाही 'गायनवृंद' हा चांगला शब्द आहे.