वाचकांचे प्रश्न : फियॉर्डलँडमधल्या सोप्या पायवाटा

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. मुलगी आणि जावई न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाऊनला राहतात आणि येत्या मे महिन्यात त्यांच्याकडे जाण्याचा आमचा विचार आहे. फियॉर्डलँड राष्ट्रीय उद्यानातल्या मिलफर्ड ट्रॅकबद्दल बरेच ऐकले आहे. येळ्ळूरचा राजहंसगड आम्ही अजूनही चढतो, पण उतरताना पत्नीचे गुडघे दुखतात. जावई म्हणतात की, एका दिवसात मिलफर्ड पाहून परत येता येते. आम्हाला झेपतील अशा पायवाटा तिथे आहेत का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पायवाटा आहेत आणि त्या चांगल्या आहेत. परंतु आधी एका दिवसात जाऊन येण्याचा बेत सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. क्वीन्सटाऊन ते मिलफर्ड साउंड (डोंगरांत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा) हा रस्ता जाऊन-येऊन जवळजवळ पावणेसहाशे किलोमीटरांचा आहे. त्यात आठ-नऊ तास गाडीत जातात, दोन तास बोटीत जातात आणि चालायला उरतो तो फक्त वाहनतळ. त्यापेक्षा ‘ते आनाऊ’ (Te Anau) नावाच्या तळ्याकाठच्या गावी दोन किंवा तीन रात्री मुक्काम करावा. तिथून मिलफर्ड सुमारे 120 किलोमीटर आहे आणि आपल्याला हव्या असलेल्या बहुतेक सोप्या वाटा याच रस्त्याच्या कडेला सुरू होतात.

मिलफर्ड ट्रॅकचा विचार या खेपेस करू नये. तो साडेत्रेपन्न किलोमीटरांचा, चार दिवसांचा, वाटेत खिंड ओलांडून जाणारा मार्ग आहे, त्याचे आरक्षण फार आधी करावे लागते आणि त्याचा नियमित हंगाम एप्रिलअखेर संपतो. आपल्याकडे मे म्हणजे सुट्टी आणि रणरणते ऊन असले, तरी तिथे तो हिवाळ्याचा उंबरठा असतो. महिन्याच्या शेवटी आठ वाजून गेल्यावर उजाडते आणि पाचच्या सुमारास दिवस मावळतो. वरच्या भागात बर्फ पडू लागते आणि हिमकडे कोसळण्याच्या भीतीने मिलफर्डचा रस्ता मधूनमधून बंद ठेवला जातो. तिकिटे अजून काढली नसतील, तर फेब्रुवारी किंवा मार्च हा काळ आपल्याला अधिक सोयीचा जाईल.

पहिला दिवस ते आनाऊमध्येच घालवावा. केप्लर ट्रॅक हा साठ किलोमीटरांचा मोठा वळसा आहे, पण त्याचा तळ्याकाठचा पहिला तुकडा अगदी सपाट आहे. तळ्यातून नदी बाहेर पडते तिथल्या पाण्याच्या दारांपासून डॉक बे नावाच्या लहानशा किनाऱ्यापर्यंत अर्ध्या तासाची वाट बीच वृक्षांच्या सावलीतून जाते. (समुद्रकिनाऱ्याशी या बीचचा संबंध नाही, ते दक्षिण गोलार्धातले बारीक पानांचे, सदाहरित झाड आहे.) पायाखाली पालापाचोळ्याची मऊ माती असल्याने गुडघ्यांना त्रास होत नाही. उत्साह टिकला, तर हीच वाट ब्रॉड बेपर्यंत, म्हणजे एकूण दीड तास, पुढे नेते. गावाजवळच पक्ष्यांचे एक उद्यान आहे, तिथे टाकाहे हा निळ्या-हिरव्या पिसांचा, लाल चोचीचा, न उडणारा पक्षी पाहता येतो. तो नामशेष झाला असे सगळे मानून बसले असताना 1948 मध्ये याच तळ्यापलीकडच्या डोंगरांत तो पुन्हा सापडला.

दुसऱ्या दिवशी मिलफर्डच्या रस्त्याला लागावे. मिरर लेक्सपाशी लाकडी फळ्यांच्या वाटेवरून दहा मिनिटांत फेरी होते. तिथली नावाची पाटी मुद्दाम उलटी लावलेली आहे, म्हणजे पाण्यातल्या प्रतिबिंबात ती सुलटी वाचता येते. वारा असेल, तर थांबूही नये, कारण मग आरसाच उरत नाही. पुढे लेक गनच्या जंगलातली फेरी आहे. ती जेमतेम दीड किलोमीटरची, पाऊण तासाची आणि चाकाच्या खुर्चीलाही चालेल इतकी सपाट आहे. आपल्या पत्नीसाठी मी हीच वाट सर्वांत आधी निवडेन. झाडांच्या बुंध्यांपासून दगडांपर्यंत सगळ्यावर शेवाळाची जाड गादी असते. पावसाळ्यात कणकुंबी-आमगावच्या बाजूचे जंगल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो ओला हिरवा रंग ओळखीचा वाटेल, मात्र तिथला गारवा ओळखीचा वाटणार नाही.

की समिट ही वाट मात्र आपण एकट्याने, किंवा जावयांना सोबत घेऊन, करावी. जाऊन-येऊन तीन तास लागतात. डिव्हाइड या ठिकाणी गाडी ठेवून रूटबर्न ट्रॅकच्या रुंद, मळलेल्या वाटेने सुमारे तासभर चढायचे आणि मग फाट्यावरून वळणे घेत माथ्यावर पोहोचायचे. माथा 918 मीटर उंच आहे, परंतु वाहनतळच पाचशे मीटरांच्या वर असल्याने प्रत्यक्ष चढ चारशे मीटरांहून कमी भरतो. वर झाडे संपतात, दलदलीत लहान लहान डबकी दिसतात आणि तीन दऱ्या एकाच वेळी नजरेत येतात. खानापूरकरांना या जागेचे मर्म कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या एकाच तालुक्यात मलप्रभा उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. तसेच या माथ्यावर पडलेला पाऊस तीन दिशांना वाटला जातो. हॉलीफर्डचे पाणी पश्चिम किनाऱ्याला, ग्रीनस्टोनचे वाकाटिपू तळ्यातून अखेर पूर्व किनाऱ्याला आणि एग्लिंटनचे ते आनाऊ तळ्यातून दक्षिण किनाऱ्याला मिळते. मे महिन्यात वरच्या वळणांवर बर्फ गोठलेले असू शकते, म्हणून ते आनाऊ येथील उद्यान खात्याच्या माहिती केंद्रात त्या दिवशीची स्थिती विचारूनच निघावे. काही वाटा पुरानंतर दुरुस्तीसाठी बंद असतात, हेही तिथेच कळते.

लेक मॅरियनची वाट सोप्या वाटांच्या यादीत अनेकदा घातली जाते, ती मला पटत नाही. झुलत्या पुलावरून धबधब्यालगतच्या मचाणापर्यंतचा सुरुवातीचा भाग सुंदर आणि सोपा आहे, पण त्यानंतर तळ्यापर्यंत मुळे आणि दगड यांतून खडा चढ आहे. तोच उतरताना गुडघ्यांची परीक्षा घेतो. मचाणापासून परत फिरावे. मिलफर्डला पोहोचल्यावर किनाऱ्यालगतची अर्ध्या तासाची फेरी आहे, तिथून पाण्यातून सरळ वर उठलेले, सोळाशे मीटरांहून उंच असे माइटर शिखर समोर दिसते.

गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते, तेवढे सोयीचे. ते आनाऊ सोडण्यापूर्वी इंधनाची टाकी भरून घ्यावी. पुढे बहुतेक रस्त्यावर मोबाइलही चालत नाही. 1954 मध्ये वाहतुकीस खुला झालेला, सव्वा किलोमीटरांच्या आसपास लांबीचा होमर बोगदा आतून ओबडधोबड खडकाचाच आहे आणि मिलफर्डच्या दिशेने चांगलाच उतरता आहे. चोर्ला घाटात गाडी हाकणाऱ्याला त्याची भीती वाटू नये.

प्रश्न : तिथे वर्षभर पाऊस पडतो, असे वाचले. मग फिरायला जाण्यात अर्थ काय? आणि फियॉर्ड म्हणजे आपली खाडीच ना?
– एक वाचिका, निपाणी

उत्तर : मिलफर्डला वर्षाकाठी सहा मीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे खरे आहे, आंबोलीशी तुलना करावी असाच तो आकडा आहे. फरक इतकाच की, आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि तिथला बारा महिन्यांत वाटलेला असतो. मात्र आंबोलीला आपण पाऊस चुकवून जात नाही, पावसासाठीच जातो. मिलफर्डच्या उभ्या कड्यांवर कोरड्या दिवसांत दोनच मोठे धबधबे कायम वाहतात; जोराची सर आली की शेकडो पांढऱ्या धारा एकदम सुटतात आणि पाऊस थांबल्यावर त्या लवकरच आटतात. म्हणून पावसाच्या दिवशी बोटीत बसावे किंवा लेक गनच्या जंगलात चालावे आणि की समिट उघडिपीच्या दिवसासाठी राखून ठेवावे. चांगला रेनकोट घ्यावा. त्या वाऱ्यात छत्रीचा उपयोग होत नाही.

फियॉर्ड आणि खाडी यांत फरक आहे. कोकणातली खाडी म्हणजे नदीने कोरलेल्या दरीच्या मुखात शिरलेला समुद्र होय. फियॉर्ड मात्र हिमनदीने खरवडलेल्या दरीत समुद्र शिरून तयार होते, म्हणून त्याच्या भिंती उभ्या आणि तळ फार खोल असतो. इंग्रजीत ‘साउंड’ हा शब्द नदीच्या बुडालेल्या दरीसाठी वापरतात, त्यामुळे मिलफर्ड साउंड हे नावच मुळात चुकीचे आहे. माओरी लोक त्याला पिओपिओताही म्हणतात. तिथल्या पावसाची आणखी एक करामत सांगण्यासारखी आहे. जंगलातून झिरपून चहासारखे तांबूस झालेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि प्रकाश अडवते, त्यामुळे एरवी खोल समुद्रात वाढणारे काळे प्रवाळ तिथे बरेच वर आढळते.

प्रश्न : जंगलात जळवा, साप यांचा त्रास होतो का? सोबत बेळगावचा कुंदा आणि घरचा चिवडा नेता येईल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : न्यूझीलंडमध्ये साप नाहीत आणि जांबोटीच्या जंगलात पायाला चिकटतात तशा जळवांची चिंता या वाटांवर करावी लागत नाही. त्यांची कसर सँडफ्लाय नावाची बारीक काळी चिलटे भरून काढतात. ती पाण्याजवळ, दिवसा, वारा पडलेला असताना चावतात आणि खाज दोन-चार दिवस राहते. फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, चिलटे दूर ठेवणारे मलम लावावे आणि चालत राहावे. थांबलेल्या माणसाला ती आधी गाठतात.

कुंदा घरीच ठेवावा. दुधाच्या पदार्थांबाबत तिथले नियम कडक आहेत आणि मध तर नेताच येत नाही. चिवडा, लोणचे, मसाला यांपैकी जे काही सामानात असेल, ते न्यूझीलंडच्या प्रवेश-अर्जात जाहीर करावे. न सांगता नेलेल्या अशा वस्तूंसाठी चारशे न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर होतो. मातीचे बूटही जाहीर करावे लागतात, म्हणून राजहंसगडाची लाल माती घरीच घासून काढावी. होमर बोगद्यापाशी किआ हा डोंगरी पोपट चिवडा मागायला जवळ येईल आणि मिळाला नाही, तर गाडीच्या काचेवरचे रबर उपटायला लागेल. तरीही त्याला काही खाऊ घालू नये, कारण माणसाच्या खाण्याला सोकावलेला किआ रस्त्यावर येतो आणि गाड्यांखाली सापडतो.